टाकी उधन्याला गेली होती

गुरुवार, २४ जानेवारी १९७४. सकाळी सव्वानऊच्या सुमारास गोडादरा गावाबाहेर, अरविंद खर्चे यांच्या घरामागच्या गोबरगॅसच्या खड्ड्यात आग भडकली आणि काठावर वाकलेला सुकलाल नावाचा मजूर भाजला. चेहरा, गळा, छाती आणि दोन्ही हात. आग विझवावी लागली नाही, ती भडकली तशीच संपली. खड्ड्यावरच्या ताडपत्रीची एक कड जळाली, गोठ्यातल्या एका म्हशीनं दावं तोडलं. घराला काहीही झालं नाही.

त्या वेळी घरात अरविंदरावांच्या पत्नी मालतीबाई एकट्याच होत्या.

खर्चे मूळचे रावेर तालुक्यातले. अरविंदराव सुरतेला पाटबंधाऱ्याच्या कामावर ओव्हरसियर होते. नोकरीची बरीच वर्षं भाड्याच्या खोल्यांत गेली. या खोल्यांना खिडकी असायची ती जिन्याकडे, आणि चूल पेटली की धूर घरातच फिरायचा. मालतीबाईंना त्यातूनच दमा लागला. निवृत्तीच्या आधी अरविंदरावांनी गोडादऱ्याला जमीन घेतली, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. तिकडे ना रस्ता, ना नळ, ना वीज. अरविंदरावांचं उत्तर ठरलेलं असे: मला यांतलं काही नकोच आहे.

१९६८ साली घर उभं राहिलं. विहीर घरची. हातपंपानं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि तिथून ते न्हाणीघरात, स्वयंपाकघरात नळानं यायचं. चार जनावरांचं शेण पाण्यात कालवून खड्ड्यात सोडायचं, खड्ड्यावर तरंगणाऱ्या लोखंडी टाकीत गॅस साठायचा, टाकी वर चढायची. त्या गॅसवर दोन शेगड्या आणि तीन दिवे चालत. मागच्या बाजूनं बाहेर पडणारा राडा भाजीच्या वाफ्यांत जाई. वांगी, घेवडा, केळी घरची. पुढे विजेची तार गावात आली आणि खर्च्यांच्या कुंपणाजवळ खांब उभा राहिला, तेव्हा अरविंदरावांनी जोडणी घेतली नाही. खांबाला म्हैस तेवढी बांधत.

मालतीबाईंचा दमा त्या घरात थांबला. पहिल्या वर्षी त्यांना खरं वाटेना. पहाटे उठून, काही कारण नसताना, त्या शेगडी पेटवून निळी ज्योत पाहत बसत, असं अरविंदराव पाहुण्यांना सांगत आणि मालतीबाई लाजत.

त्या जानेवारीत तर त्या घराची गोष्ट शहरभर झाली होती. महागाईविरुद्ध गुजरातभर आंदोलन पेटलं होतं. आज बंद, उद्या संचारबंदी. रॉकेलसाठी बायका रेशनच्या दुकानापुढे डबे मांडून बसत, आणि डबा एकटा सोडला तर तो पुढे सरकायच्या ऐवजी मागे जाई. खर्च्यांकडे मात्र दिवेलागणीला तिन्ही दिवे लागत, दुपारी दोनदा चहा होई. जुने सहकारी रविवारी सायकली मारत ते बघायला येत. एकानं, शालिग्राम चौधरींनी, जेवताना म्हटलं होतं, "खर्चे, सरकार पडलं तरी तुमच्या घरी भाकरी टळायची नाही." अरविंदराव त्यावर खूप हसले होते.

पण याच दिवसांत गॅस कमी पडू लागला. थंडीत तो थोडा कमी होतोच. यंदा टाकी अर्धीसुद्धा वर येईना. अरविंदरावांनी दोन कारणं काढली. टाकीच्या पत्र्याला गंज लागून बारीक भोकं पडली होती, आणि खड्ड्यात पाच वर्षांचा गाळ बसला होता. टाकी काढून उधन्याला वेल्डिंगला न्यायची आणि तेवढ्या वेळात खड्डा उपसून घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं.

त्यासाठी सुकलाल आला. तो साक्रीकडचा. गावी असताना विहिरी उपसायचं काम करी. त्याचा बापही तेच करी. सुरतेत आल्यावर लिंबायतच्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लागला. बायको सुंदरा आणि दोन मुली, असा संसार खात्यामागच्याच खोलीत होता. बंदमुळे खातं बंद पडलं होतं आणि दुसरं काम मिळत नव्हतं. कोणीतरी अरविंदरावांना सांगितलं की खानदेशातला विहिरीचा माणूस आहे, तसं त्यांनी त्याला बोलावून घेतलं. बुधवारी आणखी चार माणसं लावून टाकी उचलली, बैलगाडीवर चढवली. सुकलालनं काठावर उभं राहून बादलीनं वरचा पातळ भाग उपसला, संध्याकाळपर्यंत खड्डा अर्ध्याच्या खाली गेला. रेडकू पडू नये म्हणून रात्री त्यावर फळ्या टाकल्या, वर ताडपत्री पसरली आणि कडेनं विटा ठेवल्या. दुसऱ्या दिवशी आत उतरून तळाचा घट्ट गाळ काढायचा होता.

अरविंदराव गुरुवारी सकाळी लवकर गाडीबरोबर उधन्याला निघाले. निघताना त्यांनी सुकलालला बजावलं, ते मालतीबाईंच्या समोरच. खड्ड्याजवळ विडी ओढायची नाही, काडी ओढायची नाही. ओढायचीच असेल तर फाटकाबाहेर. मी येईपर्यंत आत उतरलास नाही तरी चालेल, असंही म्हणाले. उतरू नकोस, असं म्हणाले नाहीत. सुकलालनं विड्यांचा कट्टा आणि काडेपेटी खिशातून काढून मालतीबाईंच्या हातात दिली. "आप्पा, ही मायजवळच राहू द्या. नजरेसमोर राहिली तर हात जातो," असं अरविंदरावांना म्हणून तो हसला.

मालतीबाईंनी कट्टा आणि काडेपेटी, दोन्ही मागच्या ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवली.

नऊ वाजता सुकलालनं कंबरेला दोर बांधायला घेतला. उन्हं चढायच्या आत दहावीस टोपल्या काढतो म्हणाला. मालतीबाईंनी त्याला थांबवलं.

मालतीबाईंच्या माहेरी, रावेरला, त्यांचे धाकटे काका विहिरीत गेले होते. विहीर कित्येक महिने झाकलेली होती. काका मोट अडकली म्हणून उतरले, मध्यावर हात सुटला आणि खाली गेले. त्यांना काढायला गेलेला सालदारही वर आला नाही. तेव्हापासून त्या घरात दिवा सोडून पाहिल्याशिवाय विहिरीत कोणी पाय टाकलेला नाही. खानदेशात ही रीत सगळीकडे आहे. बादलीत पेटता दिवा ठेवून तो दोरानं तळापर्यंत सोडायचा. दिवा विझला तर आतली हवा वाईट, उतरायचं नाही. तेवत राहिला तर उतरायचं. आणि जो उतरणार त्यानंच दिवा लावायचा. दुसऱ्यानं लावलेला दिवा चालत नाही.

सुकलालला हे सांगायची गरज नव्हती. त्याच्या मनात ते होतंही, पण आप्पांनी काडी ओढू नको म्हटलं होतं. मालतीबाई म्हणाल्या की काडी ओढायला नकोच. त्या आत गेल्या, देवघरातला पितळी दिवा, सकाळच्या पूजेचा, तेवता तसाच तळहाताच्या आडोशानं घेऊन आल्या आणि बादलीत ठेवला.

गॅस पेटतो हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पाच वर्षं त्या त्यावरच स्वयंपाक करत होत्या. पण अरविंदराव प्रत्येक पाहुण्याला कागदावर चित्र काढून समजावत, त्या चित्रात गॅस टाकीत असे. टाकी आदल्या दिवशी त्यांच्या डोळ्यांदेखत फाटकाबाहेर गेली होती. मागे राहिली होती ती शेणाची विहीर.

सुकलालनं बादली दोराला बांधली. ताडपत्रीच्या एका कोपऱ्यावरच्या विटा काढून कोपरा वर उचलला आणि दिव्याची बादली आत सोडायला तो वाकला. वास आला तशा मालतीबाई नाकाला पदर लावून गोठ्याच्या बाजूला सरकल्या. म्हणून त्या वाचल्या.

पहिला धावून आला तो शेजारच्या गोठ्याचा मालक छगन. त्याच्याकडे दुधाचा तीन चाकी टेम्पो होता. ओलं गोणपाट अंथरून सुकलालला टेम्पोत घातलं. वाटेत दोनदा बंदवाल्या पोरांनी अडवलं, आत पाहून सोडून दिलं. साडेदहाच्या आत तो सरकारी इस्पितळात पोचला. टेम्पो सुरू करण्यापूर्वी छगननं मालतीबाईंना विचारलं होतं, "बेन, बीडी पीतो हतो?" उत्तर मिळायच्या आत छगनची नजर कोनाड्यातल्या कट्ट्याकडे गेली होती. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यानं जे समजलं ते सांगितलं, आणि दुपारपर्यंत गोडादरा, लिंबायत आणि नवागाम या तिन्ही ठिकाणी हीच बातमी होती: सुकलालनं गॅसच्या खड्ड्यावर विडी पेटवली.

अरविंदराव एकच्या सुमारास परतले. टाकी तिथेच राहिली होती. बंदमुळे वेल्डिंगचं दुकान अर्ध्यातून बंद झालं. त्यांनी खड्डा पाहिला, जळलेली ताडपत्री पाहिली, छगनकडून सगळं ऐकलं. मग हात धुऊन, सवयीनं, देवघरापुढे उभे राहिले. तिथे दिव्याची जागा रिकामी होती.

"मालती, दिवा कुठे आहे?"

"खड्ड्यात."

ते खाली बसले आणि एखाद्या कामाचा अहवाल तपासावा तसे एकेक प्रश्न विचारत गेले. कोणी आणला, कोणी बांधला, ताडपत्री किती उचलली होती. मालतीबाईंनी सगळं सांगितलं. शेवटी अरविंदराव म्हणाले की दिवा नसता तर तो तसाच उतरला असता, आणि अशा खड्ड्यात उतरलेला माणूस वर येईलच असं नाही. म्हणजे दिव्यानं त्याचा घात केला असंही म्हणता येत नाही आणि वाचवलं असंही नाही. मालतीबाईंनी विचारलं, मग लोक विडी विडी म्हणतात त्याचं काय?

"लोक म्हणतात ते आपण म्हटलेलं नाही."

"पण तो ओढत नव्हता. कट्टा माझ्याजवळ होता."

"हे बघ, पोलीस येतील. तुला विचारलं तर तू आत होतीस. एवढंच सांग. बाकीचं मी बघतो."

"मी आत नव्हते हो."

"दिवा घ्यायला गेली होतीस ना आत? मग होतीस."

संध्याकाळी हवालदार आला. मालतीबाई आत होत्या असं अरविंदरावांनी सांगितलं. मालतीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि दुरुस्त केलं नाही. हवालदारानं खड्ड्यात वाकून पाहिलं. आत काळा राडा होता, वर काही तरंगत नव्हतं.

त्या रात्री त्या घरात पाच वर्षांत पहिल्यांदा अंधार होता. अरविंदरावांनी छगनकडून रॉकेलची चिमणी आणली.

शुक्रवारपासून मालतीबाई इस्पितळात जाऊ लागल्या. गॅस नव्हता, म्हणून मागच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडून त्या सुंदरा आणि तिच्या मुलींसाठी भाकरी करत. लाकडं ओली होती. पहिल्याच दिवशी छातीत घरघर सुरू झाली. अरविंदरावांनी त्यांना चुलीपासून उठवायचा प्रयत्न केला, स्वतः भाकरी थापायलाही बसले; त्या उठल्या नाहीत.

सुंदरा पस्तिशीची, अंगानं बारीक, तोंडानं फटकळ. वॉर्डातल्या बायका तिला दोन दिवसांत ओळखू लागल्या, कारण नवऱ्याच्या उशाशी बसून ती त्याला सारखी बोलत असे. सुकलालचा चेहरा आणि गळा पट्ट्यांत होता. नाकाशी आणि ओठांशी तेवढी फट ठेवली होती. तो ऐकत होता की नव्हता, सांगता येत नव्हतं. सुंदरा त्याला वारा घालत होती आणि म्हणत होती, "कितलाव सांगं तुले, बिडी सोड. आयकं का? आते पी."

एकदा ती मालतीबाईंकडे वळून म्हणाली की मुली खोलीबाहेर निघत नाहीत. शेजारची पोरं विडी ओढल्याची नक्कल करतात आणि "भडका" म्हणून ओरडतात. खात्याच्या मुकादमानं निरोप धाडला होता, की असा बेफिकीर माणूस सुताच्या ढिगात परत घेणार नाही. हे सगळं ती रडून सांगत नव्हती. तिला राग आला होता, आणि तो सगळा पट्ट्यांत गुंडाळलेल्या माणसावर होता. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की पहिला आठवडा अवघड आहे. म्हणजे तो गेला तर तिच्या मनात विडीचा राग ठेवूनच जाणार होता.

शनिवारी दुपारी प्रजासत्ताक दिनामुळे वॉर्डात भेटायला येणारे कमी होते. मालतीबाई डबा देऊन परत निघाल्या, पायऱ्यांपर्यंत गेल्या, दम लागला म्हणून बसल्या. सुंदरा डबा धुऊन द्यायला मागून आली. त्यांची छाती वाजताना ऐकून ती शेजारी टेकली आणि त्यांची पाठ चोळू लागली.

मालतीबाई म्हणाल्या, "सुंदरा, विडी नव्हती."

सुंदराचा हात पाठीवर तसाच फिरत राहिला.

"त्यानं विडी माझ्याकडे दिली होती. मी त्याला दिवा आणून दिला. खड्ड्यात सोडायला."

"कोन्हा दिवा?"

"देवघरातला. तो तसाच उतरत होता. मीच थांबवलं. आमच्याकडे दिवा सोडल्याशिवाय कोणी उतरत नाही."

"आम्हनाकडे बी तसंच शे," सुंदरा म्हणाली. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "लावना कोनी?"

मालतीबाईंना प्रश्न कळला. त्यांनी सांगितलं की दिवा पेटलेलाच आणला होता. काडी ओढू नये म्हणून.

"जो उतरस तोच लावस."

"माहीत आहे मला."

सुंदरानं हात काढून घेतला. "पहिलाच दिन का बरं नही सांगं, माय?"

मालतीबाईंनी अरविंदरावांचं नाव घेतलं नाही. सुंदरा उठली, धुतलेला डबा त्यांच्या शेजारी ठेवून वॉर्डात गेली. त्या दिवशी वॉर्डातल्या बायकांना तिचा आवाज ऐकू आला नाही.

घरी गेल्यावर मालतीबाईंनी नवऱ्याला सांगितलं, की मी बोलले. अरविंदराव खड्ड्याच्या काठावर नव्या पत्र्याचं माप घेत होते. त्यांनी टेप गुंडाळला. पोलिसांनाही सांगणार का, एवढंच विचारलं. विचारलं तर सांगेन, असं त्या म्हणाल्या. त्यानंतर दोघांत त्या विषयावर बोलणं झालं नाही. अरविंदरावांनी चुलीसाठी वाळकी लाकडं मात्र आणून टाकली.

रविवारी सकाळी सुकलालच्या तोंडावरची पट्टी सैल केली. त्याला चमच्यानं पाणी देता आलं. जबाब घेता येईल का म्हणून विचारायला हवालदार आधीपासून थांबला होता. डॉक्टरांनी पाच मिनिटं दिली. सुंदरा उशाशी होती. मालतीबाई नुकत्याच आल्या होत्या आणि खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. हवालदारानं त्यांना बाहेर जायला सांगितलं नाही, कारण त्याच्या लेखी त्या आगीच्या वेळी घरात होत्या, म्हणजे साक्षीदार नव्हत्या.

त्यानं विचारलं, आग कशी लागली.

सुकलालचा आवाज घशातून नुसता घासून येत होता. सुंदरा तोंडाजवळ कान नेऊन तो सांगे ते मोठ्यानं म्हणत होती. तो म्हणाला की आप्पा घरी नव्हते. ताडपत्री त्यानंच उचलली. मग थांबला. हवालदारानं पुन्हा विचारलं, पेटवलं कोणी.

या वेळी सुंदराला सांगावं लागलं नाही. खाटेच्या पायथ्यापर्यंत ऐकू आलं.

"मीच लावना."

मालतीबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, नाही, त्यानं नाही लावला. हवालदारानं हात वर करून त्यांना थांबवलं. एका वेळी एकाचंच, असं म्हणाला. मग सुकलालला विचारलं, काय लावलं? विडी का?

सुकलालनं डोळे मिटले. सुंदरा त्याच्याकडे पाहत होती, मग तिनं मालतीबाईंकडे पाहिलं. तिनं काहीच सांगितलं नाही. डॉक्टर आले, वेळ संपली म्हणाले. हवालदारानं लिहिलेलं होतं तेवढ्याखाली रेघ मारली. बाईंना काय सांगायचं ते सोमवारी ऐकू, असं म्हणून तो गेला. त्याला दुपारच्या बंदोबस्ताला पोचायचं होतं.

सुकलाल असं का बोलला, याबद्दल वॉर्डात दोन मतं आहेत. परिचारिका म्हणते की तापात माणूस काहीही बोलतो. समोरच्या खाटेवरचा भिकन पाटील, तोही साक्रीकडचाच, म्हणतो की विहिरीचा माणूस दुसऱ्याच्या दिव्यावर उतरायला निघालो होतो असं मरताना कबूल करणार नाही. सुंदराला कोणी विचारलेलं नाही.

रविवारी संध्याकाळी शहराच्या काही भागांत पुन्हा संचारबंदी लागली. मालतीबाई घरी परतू शकल्या नाहीत. त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर राहिल्या. सोमवारी, २८ तारखेला, दुपारी चारपर्यंत हवालदार आलेला नव्हता. सुकलालचा ताप पहाटेपासून चढता होता आणि तो पुन्हा काही बोललेला नाही. सुंदरा दोनदा पाणी आणायला बाहेर आली आणि दोन्ही वेळा बाकावरून पुढे गेली. तिनं मालतीबाईंना आत बोलावलं नाही, आणि जा, असंही म्हटलेलं नाही.